म्हातारं हृदय आणि ॲड्रिनॅलिनची हाक

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायला आलेला माणूस आधी त्याचं तोंड उघडून दात बघतो, कारण दातांवरून वयाचा अंदाज येतो. मग म्हणतो, "पळवून दाखवा." हे दुसरं मागणं जास्त शहाणपणाचं. घोडा नुसता उभा असताना आठ वर्षांच्या आणि बावीस वर्षांच्या जनावराच्या हृदयात फारसा फरक सापडत नाही. दोघांचेही ठोके मिनिटाला तीस-चाळीसच्या घरात, संथ. भरधाव सोडल्यावर मात्र तरुण घोड्याचे ठोके सव्वादोनशेच्या आसपास जातात, आणि म्हातारा तितका वर जात नाही.

हा फरक घोड्यापुरता नाही. प्रयोगशाळेतल्या उंदरांत, बीगल जातीच्या कुत्र्यांत, माणसांत, सगळीकडे तो दिसतो. त्याचा अर्थ मात्र आपण बहुतेक वेळा चुकीचा लावतो. घरातले आजोबा बांधापर्यंत चालून थांबले, "आते पहिलासारखं व्हत नही" म्हणाले, की आपण ठरवून मोकळे होतो: हृदय कमजोर झालं. म्हाताऱ्या जनावरांच्या हृदयाच्या स्नायूवर गेली पन्नास वर्षं जे काम झालंय, ते वेगळं सांगतं. निरोगी म्हातारं हृदय आरामात असताना जवळपास तरुणाइतक्याच जोराने आकुंचन पावतं. घटतो तो ॲड्रिनॅलिनला, म्हणजे धावपळीच्या किंवा घाबरण्याच्या वेळी शरीर रक्तात सोडतं त्या संप्रेरकाला, मिळणारा प्रतिसाद. ताकद शिल्लक असते, ती ऐनवेळी बाहेर काढणारी यंत्रणा मंदावलेली असते. या दोन गोष्टींत गल्लत झाली की औषधांबद्दलचे आपले अंदाजही चुकतात. फार्मसीच्या मुलांना औषधशास्त्र शिकवताना ही गल्लत मला दरवर्षी दिसते, आणि मुलांच्या घरच्यांशी बोलताना तर हमखास.

ॲड्रिनॅलिन तयार होतं मूत्रपिंडांच्या वरच्या टोकाला असलेल्या दोन छोट्या ग्रंथींत. 1890च्या दशकात लंडनमध्ये ऑलिव्हर आणि शेफर यांनी या ग्रंथींचा अर्क प्राण्यांना टोचला आणि रक्तदाब झपाट्याने चढताना पाहिला. 1901 मध्ये जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने अमेरिकेत तो पदार्थ शुद्ध स्वरूपात वेगळा केला. त्याचं सख्खं भावंड म्हणजे नॉरॲड्रिनॅलिन. हृदयात पसरलेल्या मज्जातंतूंच्या टोकांतून ते थेट स्नायूपाशी सोडलं जातं. याच कुळातली औषधं आपल्या आसपास भरपूर आहेत: आयसीयूतलं डोब्युटामिन, दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल, सर्दीच्या गोळीतलं फिनाइलएफ्रिन. प्रयोगशाळेत सगळ्यात जास्त वापरलं जातं ते आयसोप्रिनॅलिन.

कूळ एक असलं तरी ही सगळी औषधं एकाच ठिकाणी काम करत नाहीत. 1948 मध्ये रेमंड आल्क्विस्ट यांनी मांडलं की शरीरात ॲड्रिनॅलिन ओळखणारे रिसेप्टर दोन तऱ्हेचे असतात, आल्फा आणि बीटा. आल्फा मुख्यतः रक्तवाहिन्या आवळतात. बीटाचे पुढे पोटप्रकार सापडले: बीटा-1 प्रामुख्याने हृदयात, बीटा-2 प्रामुख्याने श्वासनलिकांत. आयसोप्रिनॅलिन फक्त बीटांवर काम करतं. त्यामुळे हृदयाच्या वार्धक्यावरचा प्रश्न त्याच्याकरवी स्वच्छ विचारता येतो.

विद्यार्थिनी असताना हा परिणाम मी बेडकाच्या हृदयावर पाहिला. आता तो प्रयोग कॉम्प्युटरच्या पडद्यावर करतात आणि ते योग्यच आहे, त्यासाठी जीव घ्यायची गरज नाही. तेव्हा मात्र टेबलावर धुराने काळा केलेला गुळगुळीत कागद गुंडाळलेला ड्रम सावकाश फिरत असायचा. हृदयाच्या टोकाला वाकवलेली टाचणी, टाचणीला दोरा, दोऱ्याला लीव्हर. प्रत्येक ठोक्याला लीव्हरचं टोक काजळी खरवडत एक पांढरी रेघ वर नेई आणि खाली आणी. ॲड्रिनॅलिनचा थेंब पडला की काही क्षणांत रेघा उंच व्हायच्या आणि दाटीवाटीने यायला लागायच्या. आम्ही सगळे उंचीच मोजत बसायचो. सर म्हणायचे, "चढ बघितला, आता उतार बघा." उताराची रेघसुद्धा जास्त उभी झालेली असायची. म्हणजे हृदय जोरात आकुंचन पावत होतं आणि तितक्याच चपळाईने सैलही होत होतं. हे 'सैल होणं' पुढे फार महत्त्वाचं ठरणार आहे.

स्नायू आकुंचन पावतो तो कॅल्शियममुळे. ही गोष्ट सापडली ती थोडी योगायोगाने. 1880च्या दशकाच्या सुरुवातीला सिडनी रिंगर लंडनमध्ये बेडकाचं हृदय शरीराबाहेर मिठाच्या द्रावणात धडधडत ठेवत होते. एकदा लक्षात आलं की द्रावण नळाच्या पाण्याने बनवलंय. ऊर्ध्वपातित पाण्याने नव्याने बनवलं तर हृदय मंदावून थांबायला लागलं. नळाच्या पाण्यात जो क्षार होता आणि शुद्ध पाण्यात नव्हता, तो कॅल्शियम. आपल्याकडे बोअरच्या पाण्याने भांड्यांवर जो पांढरा थर बसतो त्यातलाच हा घटक. रिंगरच्या बेडकाचं हृदय त्यावर चाललं होतं.

आज ती साखळी बारकाईने माहीत आहे. विजेचा संदेश पेशीवर आला की पेशीच्या आवरणातल्या वाहिन्या उघडतात आणि थोडंसं कॅल्शियम आत येतं. ते आतल्या कोठारापर्यंत पोहोचतं आणि कोठारातून कितीतरी जास्त कॅल्शियम बाहेर पडतं. हे कॅल्शियम ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, स्नायूचे तंतू एकमेकांवर सरकतात, आकुंचन होतं. मग सर्का नावाचा पंप कॅल्शियम परत कोठारात ओढतो आणि स्नायू सैल पडतो. एका ठोक्याचा सगळा व्यवहार एवढाच. फॉस्फोलॅम्बन नावाचं एक प्रथिन या पंपाला एरवी धरून ठेवतं, त्याला पूर्ण वेगाने चालू देत नाही.

ॲड्रिनॅलिन या व्यवहाराला जोर देतं, पण स्वतः पेशीत शिरत नाही. ते बाहेरच बीटा रिसेप्टरला चिकटतं. रिसेप्टर आतल्या बाजूच्या जी-प्रथिनाला जागं करतो, जी-प्रथिन एका विकराला (एन्झाइमला), तो विकर सायक्लिक एएमपी नावाचा छोटा रेणू बनवतो, आणि तो रेणू प्रोटीन कायनेज ए नावाच्या दुसऱ्या विकराला कामाला लावतो. हा शेवटचा विकर चार ठिकाणी फॉस्फेटचा शिक्का मारत जातो. वाहिन्यांवर, म्हणजे जास्त कॅल्शियम आत येतं. कोठाराच्या तोंडावर, म्हणजे जास्त बाहेर पडतं. फॉस्फोलॅम्बनवर, म्हणजे पंपावरची पकड सुटते आणि कॅल्शियम झपाट्याने परत जातं. आणि ट्रोपोनिनच्या एका भागावर, म्हणजे कॅल्शियम तंतूंवरून लवकर सुटतं. पहिल्या दोन शिक्क्यांनी ठोका जोरकस होतो, नंतरच्या दोघांनी तो चटकन संपतो. बेडकाच्या रेघेचा चढ आणि उतार दोन्ही उभे का झाले, ते इथे कळतं.

साक्री-धुळे भागात पांझरेवरची जुनी फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पुढचा भाग लवकर उमगेल. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, चारीतून फडातलं पीक, आणि मधे पाणी सोडणारा-बांधणारा पाटकरी. फडात पाणी कमी पडलं तर कारण कुठेही असू शकतं. बंधाऱ्यातच पाणी कमी असेल, पाटात गाळ साठला असेल, पाटकऱ्याने बारं झाकलं असेल, किंवा पाणी नीट येऊनही जमीनच ते धरत नसेल. पीक सुकलेलं बघून यातलं कोणतं, हे सांगता येत नाही. ॲड्रिनॅलिन हे बंधाऱ्यातलं पाणी आणि स्नायूचे तंतू हा फड असं धरलं, तर म्हाताऱ्या हृदयाबद्दलचा प्रश्न नेमका हाच होता: अडलंय कुठे?

या प्रश्नाचं पहिलं चांगलं उत्तर 1975 मध्ये आलं. अमेरिकेत बाल्टिमोरला राष्ट्रीय वार्धक्य संस्थेचं संशोधन केंद्र आहे. तिथे नेथन शॉक यांनी वार्धक्याच्या अभ्यासाला आयुष्य दिलं होतं. माणसांचं वय वाढताना वर्षानुवर्षं तपासण्या करत राहणारा बाल्टिमोरचा प्रसिद्ध अभ्यास 1958 मध्ये तिथेच सुरू झाला. त्याच गटातल्या एडवर्ड लाकाटा आणि सहकाऱ्यांनी तरुण आणि म्हाताऱ्या उंदरांच्या हृदयाच्या डाव्या कप्प्यातून स्नायूच्या बारीक पट्ट्या काढल्या. प्रयोगशाळेतला उंदीर दोन-तीन वर्षं जगतो, त्यामुळे सहा महिन्यांचा उंदीर म्हणजे भर तारुण्यातला आणि दोन वर्षांपुढचा म्हणजे आजोबा. पट्टी ऑक्सिजन सोडलेल्या द्रावणात ताणून धरायची, ठराविक वेळाने विजेचा झटका द्यायचा आणि ती किती जोराने आवळते ते मोजायचं.

औषध नसताना दोघांचा जोर जवळपास सारखा होता. नॉरॲड्रिनॅलिन किंवा आयसोप्रिनॅलिन घातल्यावर तरुण पट्टीचा जोर चांगलाच वाढला, म्हाताऱ्या पट्टीचा कमी वाढला. इथवर कुणीही अंदाज केला असता. त्यांची खरी हुशारी पुढच्या पायरीत आहे. त्यांनी ॲड्रिनॅलिनची सगळी वाट सोडून दिली आणि द्रावणातलं कॅल्शियमच वाढवलं. पाट, चाऱ्या सगळं टाळून टँकरने पाणी थेट फडात सोडावं तसं. आणि म्हातारी पट्टी तरुण पट्टीइतकीच जोरात आवळली! जमीन चांगली होती. दोष वाटेत होता.

मला हा प्रयोग औषधशास्त्रातल्या सुंदर प्रयोगांपैकी एक वाटतो. यंत्रं साधी, प्रश्न साधा, आणि 'म्हातारपणी स्नायू झिजतो, विषय संपला' या समजुतीला एका दिवसात मोजता येईल असा पुरावा.

मग वाटेतला गाळ शोधायचं काम सुरू झालं, आणि ते पाच मिनिटांत सांगण्याइतकं सरळ नाही. सुरुवातीला, 1980च्या सुमारास, म्हाताऱ्या उंदरांत बीटा रिसेप्टरांची संख्या आणि सायक्लिक एएमपीची वाढ तरुणांसारखीच दिसली, म्हणून संशय आणखी खाली, शिक्के मारण्याच्या पायरीवर गेला. पुढे सुट्या स्नायूपेशींवर मोजमाप करता यायला लागलं तेव्हा दिसलं की बीटा रिसेप्टर जागे केल्यावर वाहिन्यांतून येणारं कॅल्शियम म्हाताऱ्या पेशींत कमी वाढतं. नंतरच्या कामात रिसेप्टर कमी झालेले आणि सायक्लिक एएमपी बनवणारा विकर मंदावलेलाही सापडला. माणसाच्या हृदयांवर, म्हणजे दान मिळालेली पण रोपणासाठी वापरता न आलेली हृदयं, अभ्यास झाला तेव्हाही वयाबरोबर बीटा-1 रिसेप्टर घटताना दिसले. थोडक्यात गाळ एकाच ठिकाणी नाही, पाटभर थोडा थोडा आहे.

पाटकऱ्याचीही यात भूमिका आहे. उतारवयात रक्तातलं नॉरॲड्रिनॅलिन तरुणांपेक्षा जास्त असतं. सोडलेलं नॉरॲड्रिनॅलिन परत शोषून घेण्याचं मज्जातंतूंच्या टोकांचं काम ढिलं पडतं, त्यामुळे ते स्नायूपाशी रेंगाळत राहतं. अखंड पाणी आलं तर पाटकरी बारं झाकतो. पेशीही तेच करते: सतत जागवल्या जाणाऱ्या रिसेप्टरवर ती एक खूण चढवते, अरेस्टिन नावाचं प्रथिन येऊन त्याला जी-प्रथिनापासून तोडतं, आणि काही रिसेप्टर पेशीच्या आत ओढून घेतले जातात. रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना 2012 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच रिसेप्टर-कुटुंबावरच्या कामासाठी. म्हाताऱ्या शरीरात ॲड्रिनॅलिनची कमतरता असते हा समज म्हणूनच उलटा आहे. हाक भरपूर मारली जाते, आणि कान थोडे मिटलेले असतात ते बऱ्याच अंशी त्यामुळेच.

याखेरीज एक वेगळा बदल आहे, त्याचा ॲड्रिनॅलिनशी थेट संबंध नाही पण परिणाम एकत्र येतात. म्हाताऱ्या उंदराचा स्नायू आवळायला आणि सैल पडायला जास्त वेळ घेतो. सर्का पंप कमी झालेला असतो, आणि उंदरांत तर तंतूंमधलं वेगवान मायोसिन (तंतू ओढणारं प्रथिन) जाऊन सावकाश मायोसिन येतं. हा मायोसिनचा बदल माणसाला जसाच्या तसा लावू नये, कारण आपल्या हृदयाच्या मोठ्या कप्प्यांत सावकाश मायोसिनच आधीपासून जास्त असतं. उंदरावरचं संशोधन वाचताना अशा जागा लक्षात ठेवाव्या लागतात.

सैल पडायला लागणारा वेळ इतका महत्त्वाचा का? हिशेब करा. मिनिटाला साठ ठोके असताना एका ठोक्याला पूर्ण सेकंद मिळतो. दीडशे ठोक्यांना मिळतात चार दशांश सेकंद, आणि तेवढ्यात आवळायचं, सैल पडायचं, रक्ताने भरायचंही असतं. तरुण हृदय ॲड्रिनॅलिनच्या जोरावर चटकन सैल पडतं म्हणून भरायला वेळ उरतो. म्हाताऱ्या हृदयात पंप आधीच मंद आणि त्याची पकड सोडवणारा संदेशही दुबळा. मग भरताना आतला दाब वाढतो, तो मागे फुफ्फुसांकडे जातो, आणि जिना चढताना धाप लागते. रिपोर्टमध्ये मात्र हृदयाची पंपिंग क्षमता साठ टक्के, नॉर्मल लिहिलेली असू शकते. घरचे म्हणतात, रिपोर्ट चांगला आहे, आजी उगाच करते. आजी उगाच करत नाही. ती तपासणी पलंगावर झोपवून केलेली असते आणि त्रास चालताना होतो.

माणसांत हा बदल सगळ्यात ढोबळपणे दिसतो तो कमाल ठोक्यांमध्ये. 220 वजा वय हे सूत्र बहुतेकांना माहीत असतं. 2001 मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी जास्त अभ्यासांवर आधारलेलं सूत्र दिलं: 208 वजा वयाच्या 0.7 पट. विशीत ते 194 येतं, सत्तरीत 159. ही सरासरी आहे, एकेका माणसात बराच फरक असतो. सगळाच दोष ॲड्रिनॅलिनच्या वाटेचा असतो असंही नाही. औषधांनी मज्जातंतूंचे ठोके वाढवणारे आणि कमी करणारे असे दोन्ही प्रभाव बंद करून नुसत्या हृदयाची स्वतःची लय मोजली तर तीही वयाबरोबर कमी होते, विशीत साधारण 107 आणि सत्तरीत 78च्या आसपास.

एवढं असूनही निरोगी म्हातारा माणूस चालतो, चढतो, पिकाला पाणी देतो. ते कसं जमतं? बाल्टिमोरच्याच अभ्यासातून 1984 मध्ये दिसलं की हृदयविकार नसलेल्या वयस्कांचं हृदय व्यायामात जास्त ठोके देण्याऐवजी जास्त भरतं, आणि भरल्यामुळे ताणलेला स्नायू एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतो. गंमत म्हणजे तरुणाला प्रोप्रॅनोलॉल हे बीटा रिसेप्टर अडवणारं औषध देऊन व्यायाम करायला लावलं तर त्याचं हृदयही असंच वागायला लागतं: ठोके कमी, भरणं जास्त. बीटाची वाट बंद केली की तरुण हृदय म्हाताऱ्यासारखं दिसतं, यापेक्षा सरळ पुरावा कोणता हवा.

आता सगळ्यांच्या मनात येणारा प्रश्न: प्रतिसाद कमी आहे ना, मग औषध जास्त द्या! वर्गात दर बॅचला एक तरी हात यासाठी वर होतो. उत्तर नाही असं आहे, आणि कारण पुन्हा कॅल्शियम. म्हाताऱ्या उंदराच्या हृदयात कॅल्शियमचा बोजा सहन करण्याची मर्यादा खाली आलेली असते. जोराने ढकललं की कोठारातून कॅल्शियम भलत्या वेळी, विजेच्या संदेशाशिवाय गळायला लागतं आणि त्यातून ठोक्यांची लय बिघडते. म्हणजे फायद्याचा प्रतिसाद कमी झालेला आणि धोक्याचा उंबरठा जवळ आलेला. शिवाय ॲड्रिनॅलिन हृदयाची ऑक्सिजनची मागणी वाढवतं. धमन्या आधीच अरुंद असतील तर ती भागवायची कुठून?

अति ॲड्रिनॅलिन तरुण हृदयालाही झेपत नाही, हे विंचवाने आपल्याला शिकवलंय. लाल विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रिनॅलिन-नॉरॲड्रिनॅलिनचा लोंढा सुटतो, हात-पाय गार पडतात, दरदरून घाम येतो आणि फुफ्फुसात पाणी भरून माणूस दगावतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे आल्फा रिसेप्टर अडवणारं साधं औषध वापरून असे अनेक जीव वाचवले. त्यांचं काम जगभर वाचलं जातं, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी दगड-लाकडं उचलणाऱ्या प्रत्येकाला त्याचा उपयोग आहे. विंचू उतरवत बसू नका, दवाखान्यात न्या.

हृदयाला जोर हवाच असेल तर बीटाची वाट टाळून जाणारी औषधं आहेत. पिमोबेंडन हे त्यातलं चांगलं उदाहरण, आणि ते मुख्यतः म्हाताऱ्या कुत्र्यांचं औषध आहे. वय झालेल्या छोट्या कुत्र्यांत हृदयाची झडप गळायला लागते, त्यात ते वापरतात. ते ट्रोपोनिनला कॅल्शियमबाबत जास्त संवेदनशील करतं, म्हणजे आहे त्याच पाण्यात फड जास्त भिजतो, आणि सोबत सायक्लिक एएमपी मोडणाऱ्या विकरालाही अडवतं. जुनं उदाहरण डिगॉक्सिनच्या कुळाचं: 1785 मध्ये विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरांनी ज्या फॉक्सग्लोव्ह वनस्पतीबद्दल लिहिलं तिच्यातली द्रव्यं पेशीतलं सोडियम वाढवून त्यामागोमाग कॅल्शियम वाढवतात. आपल्या अंगणातल्या पिवळ्या कण्हेरीत त्याच जातीची विषं असतात, म्हणून तिच्या बिया खाल्लेल्या माणसाचं किंवा जनावराचं हृदय बंद पडू शकतं. औषध आणि विष यांत इथे अंतर फार थोडं आहे, आणि उतारवयात मूत्रपिंडं मंदावल्यावर ते आणखी कमी होतं.

सर्का पंपच वाढवून बघू, हाही प्रयत्न झाला. 2000 मध्ये म्हाताऱ्या उंदरांच्या हृदयात सर्काचं जनुक विषाणूकरवी पोहोचवलं तेव्हा सैल पडण्याचा वेग सुधारला. केवढी आशा निर्माण झाली असेल! पण हृदय निकामी होत चाललेल्या सुमारे अडीचशे रुग्णांवर त्याच पंपाच्या जनुकाची चाचणी केली तेव्हा फायदा दिसला नाही. निकाल 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. उंदीर ते माणूस हे अंतर कागदावर दिसतं त्यापेक्षा मोठं आहे.

यातलं घरी काय उपयोगाचं? सगळ्यात आधी एक गोष्ट ठामपणे: मधमाशी चावून किंवा इंजेक्शनची ॲलर्जी येऊन माणसाचा घसा सुजत असेल, दाब कोसळत असेल, तर ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन हाच उपचार आहे आणि तो वयाकडे बघून थांबवायचा नसतो. एक मिलिलिटरच्या त्या छोट्या अँप्युलमध्ये एक मिलिग्रॅम औषध असतं. त्यातलं अर्धं किंवा थोडं कमी मोठ्या माणसाच्या मांडीच्या स्नायूत देतात. इथे उशीर जास्त घातक.

एरवी सावधगिरी बाळगायची ती न मोजता घेतल्या जाणाऱ्या औषधांत. दम्याचा पंप दिवसातून पुन्हा पुन्हा ओढला तर साल्ब्युटामॉल हृदयापर्यंत पोहोचतं, हात कापतात, छाती धडधडते. वयस्क माणसाला पंप वारंवार लागत असेल तर दमा आटोक्यात नाही किंवा धाप मुळात हृदयाची आहे, आणि दोन्हींसाठी डॉक्टर हवा. मेडिकलवरून आणलेल्या सर्दीच्या गोळ्यांत नाक मोकळं करणारा घटक रक्तदाब वाढवतो. बीपीच्या माणसाने पाकीट वाचून किंवा विचारूनच घ्यावी.

बीपी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉलसारखी बीटा अडवणारी गोळी चालू असेल तर तिच्याबद्दल दोन गोष्टी माहीत हव्यात. ती एकाएकी बंद करू नये. इतके दिवस अडवलेले रिसेप्टर एकदम मोकळे झाले की छातीत दुखणं उफाळू शकतं. आणि मधुमेह असेल तर साखर खाली गेल्याची धडधड ही गोळी झाकून टाकते, घाम तेवढा येतो. घामाकडे लक्ष ठेवा.

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45च्या वर जातो तेव्हा शरीराला थंड ठेवण्यासाठी हृदयाला त्वचेकडे भरपूर रक्त पाठवावं लागतं, म्हणजे घरात बसल्या जागीच व्यायाम चालू असतो. म्हाताऱ्या हृदयाला ठोके वाढवून ती मागणी भागवता येत नाही, आणि वर बीटा अडवणारी गोळी किंवा लघवीची गोळी असेल तर आणखीच कमी. केळीच्या बागेची फेरी पहाटे उरकायची, दुपारी नाही. उन्हाळ्यात चक्कर यायला लागली तर गोळीचा डोस डॉक्टरकडून तपासून घ्यायचा, स्वतः कमी करायचा नाही.

व्यायामाबद्दल विचाराल तर तो जरूर करा, पण काय मिळतं ते समजून. निरोगी वयस्कांना महिनोन्‌महिने कसून व्यायाम करायला लावला तेव्हा त्यांची दमछाक कमी झाली, एका ठोक्यात जास्त रक्त जायला लागलं, पण आयसोप्रिनॅलिनला हृदयाचा प्रतिसाद काही तरुणासारखा झाला नाही. पुण्या-मुंबईच्या मुलांनी पाठवलेलं घड्याळ आजोबांच्या मनगटावर ठोक्यांचं लक्ष्य दाखवतं तेव्हा हे लक्षात असू द्या. त्यांना बीटाची गोळी चालू असेल तर तो आकडा त्यांच्यासाठी नाहीच. चालता चालता शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येतंय, तर वेग ठीक आहे. बोलणं तुटायला लागलं की थोडं सावकाश. आणि गेल्या महिन्यापर्यंत जिथवर सहज जात होते तिथवर या महिन्यात जाता येत नसेल, रात्री उशी वाढवून झोपावं लागत असेल किंवा पायांवर सूज येत असेल, तर ते वयाच्या खात्यावर टाकू नका. वय इतक्या झपाट्याने वाढत नाही. त्याच आठवड्यात ईसीजी आणि इको करून घ्या.